एमपीएलचा पहिला हंगाम: जर्सीवर जिल्हे सहा, मैदान एक

मधली_फळी
१६ जून २०२३, सकाळी ८.१०

काल संध्याकाळी आमच्याकडे रिमोटवरून भांडण झालं. आईला बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातेत जखाऊला कधी धडकतंय ते बघायचं होतं, मला ऋतुराज गायकवाडची फलंदाजी. शेवटी तिनं टीव्ही घेतला, मी मोबाइल. त्यामुळे महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना मी सहा इंचांत पाहिला. कोल्हापूर टस्कर्स ७ बाद १४४. पुणेरी बाप्पानं आठ गडी राखून, बारावं षटक संपायच्या आत काम उरकलं. ऋतुराज २७ चेंडूंत ६४. लग्नाला जेमतेम बारा दिवस झालेत, तरी हात बसलेला आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्र क्रिकेट संघटनेनं भरवलेली वीस षटकांची लीग आहे. सहा संघ: पुणेरी बाप्पा, कोल्हापूर टस्कर्स, ईगल नाशिक टायटन्स, रत्नागिरी जेट्स, सोलापूर रॉयल्स, छत्रपती संभाजी किंग्ज. प्रत्येकाला एक 'आयकॉन' खेळाडू आधीच दिलेला, बाकीचे ६ जूनच्या लिलावातून. सगळे सामने पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियमवरच. अंतिम सामना २९ तारखेला.

आता माझी अडचण. मी जन्माने बार्शीचा, राहायला चिंचवडात. म्हणजे पाठिंबा सोलापूरला द्यायला हवा. पण सोलापूरचा आयकॉन विकी ओस्तवाल, जो लोणावळ्याचा. रत्नागिरीचा कर्णधार अझीम काझी नगरचा. कोल्हापूरचा केदार जाधव पुण्यात वाढलेला, मूळ गाव माढा तालुक्यात, म्हणजे खरा आमचा. आणि आमच्या सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी नाशिकच्या जर्सीत! मग जर्सीवर जिल्ह्याचं नाव लिहून काय साधलं? मी सोलापूरसाठी टाळ्या नेमक्या कशाच्या जोरावर वाजवायच्या?

मतं येऊ द्या. काडी टाकून पळणाऱ्यातला मी नाही, इथंच बसलोय.

संत्रा_बर्फी
१६ जून, ९.०२

नाव 'महाराष्ट्र' प्रीमियर लीग आणि नागपूरचा संघ कुठाय भाऊ? अमरावती? अकोला? का आम्ही फक्त संत्री पाठवायची?

मधली_फळी
१६ जून, ९.२०

बर्फीभाऊ, क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्राची तीन राज्यं आहेत: मुंबई, विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ बीसीसीआयपर्यंत पोचलीच नाही. राज्याच्या लीगमध्ये त्या संघटनेकडे नोंदणी असलेलेच खेळाडू चालतात, त्यामुळे तुमची पोरं इकडे खेळू शकत नाहीत. आणि रणजी तुम्ही लागोपाठ दोनदा जिंकलात, २०१८ आणि २०१९ ला. आमचा शेवटचा करंडक १९४०-४१ चा. कुणी कुणाकडे तक्रार करायची ते तुम्हीच ठरवा.

संत्रा_बर्फी
१६ जून, ९.२४

हाओ, हे बरं बोललात. तक्रार मागे.

तांबडा_पांढरा
१६ जून, ११.४५

मधली फळी, तुमचा प्रश्न बरोबर हाय पण कोल्हापुरात तो वेगळ्या अंगानं लागतो. आमच्याकडं शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच असली, पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम (आमच्याकडं तालीम म्हंजे फुटबॉलचा संघबी), की पेठच्या पेठ रस्त्यावर. तिथं कुणी विचारत न्हाई मी कुणाला सपोर्ट करू. जन्मलास त्या गल्लीत ठरलं. आज्जा त्याच तालमीचा, बा त्याच तालमीचा. आता तर तालमीही परदेशातनं खेळाडू आणतात, तरी पोरगं पेठेचंच असल्यासारखं त्याला खांद्यावर घेत्यात.

मग काल टस्कर्स हरलं तर गल्लीत एकबी पोरगं हिरमुसलं न्हाई. सगळे ऋतुराजच्या सिक्सा बघत हुते. माझ्या मते खेळाडू कुठला हा मुद्दाच न्हाई. मॅच डोळ्यासमोर झाली पायजे. ती गहुंज्याला झाली, मग काय खाक.

स्कोअरर_काका
१६ जून, दुपारी १.३०

+१. पण एक हिशेब मांडतो, मग भावनेचं बघू.

पुण्याचा संघ तीन वर्षांसाठी १४.८ कोटींना गेला. सहा संघांतली सर्वात मोठी बोली. आता लिलावात एका संघाला खेळाडूंवर खर्च करायला होते २० लाख. पायाभूत किमती, म्हणजे बोली जिथून सुरू होते त्या, ६० हजार, ४० हजार आणि २० हजार. सर्वात महाग गेला नौशाद शेख, कोल्हापूरकडे ६ लाखांना. म्हणजे टस्कर्सनी थैलीतली जवळपास तिसरी पै एकाच माणसावर लावली. उरलेल्या १४ लाखांत बाकीचा सगळा संघ.

तरी मी म्हणेन हे वाईट नाही. महाराष्ट्राकडून रणजी खेळणारे पंधरा-वीस जण सोडले तर बाकीच्यांना आजवर काय मिळत होतं? क्लबचे सामने, निमंत्रित स्पर्धा, आणि जेवणाचा डबा घरचा. निवड समितीच्या नजरेत पडायला चार दिवसांच्या सामन्यात शतकांवर शतकं लागतात. इथं एक रात्र पुरते. तमिळनाडूनं ही गोष्ट २०१६ मध्ये ओळखली. आपण सात वर्षांनी.

निमंत्रित
१६ जून, रात्री १०.१५

काकांनी डब्याचा उल्लेख केला म्हणून लिहितोय. एरवी मी इथं वाचकच असतो.

माझा मुलगा डावखुरा फिरकी गोलंदाज आहे. लिलावात त्याचं नाव २० हजारांच्या गटात होतं. आम्ही घरी सगळे बसलो होतो, मोबाइल टीव्हीला जोडून. त्याचं नाव आलं आणि गेलं. चारपाच सेकंद असतील. तो उठून पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तक्रार नाही. शेकडो मुलं होती, सहाच संघ. पण एक सांगतो, चांगल्या इंग्लिश विलोच्या बॅटला आज त्याच्या पायाभूत किमतीपेक्षा जास्त पैसे पडतात. ज्या क्लबकडून तो खेळतो तिथल्या एका मोठ्या माणसानं "बघू, नावं सुचवतो" असं वर्षभर म्हणत सरावाची फी मात्र वेळेवर घेतली. असो.

परवापासून तो एका संघाच्या सरावाला नेटमध्ये गोलंदाजी टाकायला जातोय. पहाटे निघतो.

मधली_फळी
१६ जून, १०.४०

निमंत्रित, तुमचा प्रतिसाद वाचून दोनदा काहीतरी टंकलं आणि खोडलं. मुलाला शुभेच्छा. डावखुरी फिरकी हा या लीगमधला सगळ्यात गर्दीचा फलाट आहे, हेही खरं.

कोकण_रेल्वे
१७ जून, सकाळी ७.५०

रत्नागिरीतून लिहितोय, थोडं लांबेल.

तुम्ही घाटावरची मंडळी जिल्ह्याच्या नावाबद्दल वाद घालताय. आमच्यासाठी ही बातमीच वेगळी होती. रत्नागिरीचं नाव असलेला संघ टीव्हीवर! आमच्याकडं क्रिकेट म्हणजे टेनिस बॉल. भातकापणी झाली की मळ्यात फावड्यानं खेळपट्टी, आणि बॅनर: 'तालुका मर्यादित', 'गाव मर्यादित', कुठं नुसतं 'वाडी मर्यादित'. मे महिन्यात चाकरमानी मुंबईहून आले की मोठ्या स्पर्धा. बक्षीस रोख, चषक माणसाच्या उंचीचा, आणि माइकवर बसलेला माणूस प्रत्येक चौकाराला पंचवीस रुपये जाहीर करणार्‍याचं नाव वाडीसकट वाचून दाखवतो.

त्या 'मर्यादित' शब्दातच मधली फळींच्या प्रश्नाचं उत्तर आहे बघा. वाडी मर्यादित म्हणजे बाहेरचा माणूस चालणार नाही. आधार कार्ड बघतात! जावई चालतो की नाही यावर एकदा सामना तासभर थांबलेला मी बघितलाय (चालतो असं ठरलं). पण त्या क्रिकेटमधून सीझन बॉलकडं, म्हणजे चामड्याच्या चेंडूच्या क्रिकेटकडं जाणारा रस्ता आमच्याकडं जवळजवळ नाही. टर्फ नाही, प्रशिक्षक नाही, पाऊस चार महिने. सावंतवाडीचा निखिल नाईक आयपीएलपर्यंत पोचला तो सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण मोजायला दुसरी नावं पटकन सापडत नाहीत. तो आता जेट्समध्ये यष्टिरक्षक आहे. एक तरी कोकणी आहे म्हणून आमचं भागतं.

त्यामुळे कर्णधार नगरचा असो नाहीतर नांदेडचा, माझ्या पुतण्यानं 'रत्नागिरी' लिहिलेली जर्सी पहिल्यांदा पडद्यावर बघितली. मला त्यात खोटेपणा वाटत नाही.

काळा_कोट
१७ जून, दुपारी १२.१०

उत्साहात थोडं पाणी ओततो. कर्नाटक प्रीमियर लीग २००९ पासून होती, चांगली चालली होती. २०१९ मध्ये सामनेनिश्चितीच्या (मॅच फिक्सिंग) प्रकरणात बेळगावच्या संघाचा मालक अटकेत, पाठोपाठ काही खेळाडू. लीग बंद पडली. पुढं २०२२ मध्ये महाराजा ट्रॉफी नावानं नव्यानं उभी राहिली.

आणि गंमत पुढेच आहे. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं म्हटलं की सामनेनिश्चिती हा भारतीय दंड विधानाच्या कलम ४२० खाली फसवणुकीचा गुन्हा ठरत नाही. बीसीसीआयनं तिच्या नियमांनुसार कारवाई करावी. म्हणजे स्वतंत्र कायदा होईपर्यंत राखणदार फक्त बीसीसीआयचं भ्रष्टाचारविरोधी पथक.

छोट्या लीगमध्ये धोका जास्त का? काकांचा हिशेब वाचा. ज्याला हंगामाचे २० हजार मिळतायत त्याला एका नो-बॉलचे किती देऊ केले जातील, हे गणित अवघड नाही. कुणावर आरोप करत नाहीये. पण पहिल्या हंगामातच मानधन, वेळेवर पैसे आणि पोरांना नीट समजावणं, या तीन गोष्टी झाल्या तर पुढचं टळतं.

स्कोअरर_काका
१७ जून, १२.३५

वकीलसाहेब, सहमत. किमान पायाभूत किंमत एक लाख करा, असं माझंही म्हणणं.

शेंगा_चटणी
१८ जून, सकाळी ९.००

सोलापूरची हजेरी लावतो. विकी लोणावळ्याचा म्हणून नाराज होऊ नका. ते पोरगं लहानपणी लोणावळ्याहून रोज लोकलनं चिंचवडला उतरून थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत जायचं. ती लोकल बेगडेवाडीला थांबते. बेगडेवाडी म्हणजे गहुंज्याच्या स्टेडियमचं जवळचं स्टेशन. त्याला जर कुणी उपरा म्हणत असेल तर त्या मैदानाला त्याच्याइतका जवळचा माणूस सहा संघांत नाही.

तांबडा_पांढरा
१८ जून, ९.१५

तेच तर म्हणतोय. मैदानाला जवळचा, सोलापूरला न्हाई!

चुलीवरची_मिसळ
२० जून, मध्यरात्री १२.२०

झोपलात का सगळे? उठा!

आज काय बघितलं ते शब्दांत मांडता येत नाहीये. नाशिक ७ बाद २०३, बाप्पा एका धावेनं कमी पडलं. एक! अर्शीन कुलकर्णी ५४ चेंडूंत ११७. तेरा षटकार. मग गोलंदाजीला येऊन चार बळी. आणि शेवटचं षटक, बाप्पाच्या आवाक्यात आलेलं, तेही त्याच्याच हातात. अठरा वर्षांचं पोर आहे हो ते.

स्कोअरर_काका
२० जून, सकाळी ६.४५

फक्त षटकारांच्या ७८ धावा. चौकार तीनच. म्हणजे ११७ पैकी ९० धावा सीमारेषेच्या बाहेर, त्यातही बहुतेक हवेतून.

मला षटकारांपेक्षा शेवटचं षटक जास्त महत्त्वाचं वाटतं. शतक ठोकलेला मुलगा दमलेला असतो. दोन तास क्षेत्ररक्षण, अंगावर घाम, समोर बाप्पाचे फलंदाज. कर्णधार राहुल त्रिपाठीकडे दुसरे पर्यायही असतील. त्यानं चेंडू अठरा वर्षांच्या मुलाकडे दिला. हे क्लबच्या सामन्यात शिकायला मिळत नाही. तिथं हरलं तर डबा खाऊन घरी जायचं असतं. इथं टीव्हीवर हरायचं असतं.

मधली_फळी
२० जून, ७.३०

आता बघा माझी दशा. सोलापूरच्या पोरानं नाशिकला जिंकून दिलं. मी सोलापूरच्या जर्सीत नसलेल्या सोलापूरकरासाठी रात्री साडेअकराला ओरडलो, त्यावरून आई म्हणाली, "अरे पण आपला संघ तो नाही ना?" आता तिलाही कळायला लागलंय.

निमंत्रित
२० जून, ८.०५

त्या सामन्याआधी सरावात मुलानं याच मंडळींना गोलंदाजी टाकली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "बाबा, माझा चेंडू पार्किंगमध्ये गेला." पण चेहरा पडलेला नव्हता.

चुलीवरची_मिसळ
२० जून, ८.१०

निमंत्रितकाका, आज गहुंज्यात ज्याचा चेंडू पार्किंगमध्ये गेला नाही असा गोलंदाज दाखवा. मुलगा चांगल्या रांगेत उभा आहे.

लोकल_चुकली
२२ जून, दुपारी ४.००

प्रत्यक्ष गेलेल्या एका तरी माणसाचा वृत्तांत हवा म्हणून लिहितो. पुणे स्टेशनहून लोणावळा लोकल, देहूरोडला उतरलो, तिथून रिक्षावाल्यानं आधी मान हलवली, मग आकडा सांगितला. जाताना ठीक. येताना सामना संपल्यावर एक्स्प्रेस वेच्या आवाजाच्या दिशेनं चालत राहिलो. रिक्षा नाही, ओला-उबर 'शोधत आहे' म्हणत फिरतंय. शेवटी बाणेरच्या एका कुटुंबानं गाडीत घेतलं. आजोबा पुढे बसलेले. ते बाप्पाचे, मी टस्कर्सचा, बावधन येईपर्यंत तह झाला.

मैदान मात्र देखणं आहे. मागे डोंगर, मोकळं वारं, आणि ढग कुठून येतायत ते बसल्या जागेवरून दिसतं. त्या ढगांचंच बघा आता.

कोकण_रेल्वे
२६ जून, सकाळी ८.३०

ढगांचं आम्हाला विचारा. मान्सून ११ जूनला रत्नागिरीत पोचला आणि इथंच अडकून पडला. दोन आठवडे! बिपरजॉयनं सगळं बाष्प ओढून नेलं म्हणतात. काल २५ ला तो मुंबईला पोचला, आणि त्याच दिवशी दिल्लीलाही. असं १९६१ नंतर पहिल्यांदाच घडलंय म्हणे. म्हणजे लीगचे साखळी सामने जे पार पडले ते आमच्या कृपेनं. पाऊस आम्ही अडवून ठेवला होता. आता सोडलाय.

संत्रा_बर्फी
२६ जून, ८.४०

जून अखेरीस गहुंज्याला फायनल ठेवणाऱ्याचा सत्कार करा राजेहो. मावळ तालुका हाय तो, वाळवंट नाय.

स्कोअरर_काका
२६ जून, ९.३०

बर्फीभाऊ, दुसरी खिडकीच नव्हती. आयपीएल २८ मेला संपायची ती पावसामुळे ३० मेच्या पहाटेपर्यंत चालली. जुलैपासून खेळाडू पुन्हा गुंतणार. ऋतुराजची तर वेस्ट इंडीज दौऱ्यावर निवडही झाली. नावाजलेली मंडळी हवी असतील तर जूनच. जून म्हटलं की पाऊस. तमिळनाडूला हे जमतं कारण त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. आपण त्यांची लीग उचलली, त्यांचं आभाळ कुठून आणणार?

तांबडा_पांढरा
२८ जून, संध्याकाळी ७.००

फायनल: कोल्हापूर विरुद्ध रत्नागिरी. ज्यांनी पहिल्या मॅचनंतर आम्हाला हसलं त्यांनी आता रांगेत उभं राहून माफी मागावी. आणि हो, गल्लीतली पोरं उद्या स्क्रीन लावणार हायत. मीच वर्गणी काढलीय. माझंच पयलं वाक्य माझ्याच घशात गेलं म्हणा.

शेंगा_चटणी
२८ जून, ७.३०

उद्या आषाढी एकादशी. सोलापूर जिल्ह्यात उद्या दुसरं काहीही चालत नाही, फायनल तर नाहीच. आमचा संघ त्यात नाही ही माउलीची कृपाच समजायची.

कोकण_रेल्वे
१ जुलै, सकाळी ६.१५

रत्नागिरी जेट्स विजेते!

सामना राखीव दिवसावर गेला, तिथंही पावसानं पाठ सोडली नाही. टस्कर्स १६ षटकांत ८ बाद ८०, तिथून खेळ झालाच नाही. गुणतक्त्यात जेट्स वर, म्हणून करंडक आमच्याकडे.

तांबडा_पांढरा
१ जुलै, ७.००

अभिनंदन. मनापासून. पण ह्याला जिंकणं म्हणायचं काय?

८ बाद ८० वर आम्हाला पावसाला शिव्या घालायचा हक्क न्हाई, हे मलाबी कळतंय. खरं तर पावसानं आमची अब्रू राखली. पण क्रिकेटमध्ये ८० धावा काढूनबी लोकांनी मॅचा जिंकल्यात. चेंडू ओला, आभाळ काळं. तुमची बॅटिंग तरी बघू द्यायची हुती.

काळा_कोट
१ जुलै, ९.२०

नियमाचा प्रश्न रंजक आहे. निकाल नसलेल्या अंतिम सामन्याचं काय करायचं याचे दोन रस्ते आहेत. २००२ च्या चॅम्पियन्स करंडकात कोलंबोला दोन दिवस पाऊस, भारत आणि श्रीलंका संयुक्त विजेते. गेल्या वर्षी तमिळनाडूच्या लीगमध्येही अंतिम सामना पावसात गेला, कोवई आणि चेपॉक या दोन संघांना विजेतेपद वाटून दिलं. दुसरा रस्ता आपल्या लीगचा: साखळीत जो वर तो विजेता. दोन्ही न्याय्य आहेत, फक्त आधी लिहिलेले हवेत. इथं लिहिलेलं होतं.

मधली_फळी
१ जुलै, ९.४५

मला दुसरा रस्ता जास्त पटतो. संयुक्त विजेते म्हणजे लग्नात दोन नवरदेव. साखळीतल्या कामगिरीला काहीतरी किंमत हवी, नाहीतर पंधरा दिवस घाम कशासाठी गाळायचा?

पण तांबडा_पांढरा यांची हळहळ मला समजते. पहिल्या हंगामाचा पहिला करंडक, आणि विजयी फटका मारताना कुणाचा फोटोच नाही.

कोकण_रेल्वे
१ जुलै, १०.१०

फोटो नाही हे खरं. पुतण्यानं काल रात्री विचारलं, "काका, आपण शेवटचा चेंडू कसा जिंकलो?" मी म्हटलं, पाऊस पडला. तो म्हणाला, "मग आपल्याकडं तर रोज पडतो."

न्यू_जर्सीत_जर्सी
२ जुलै, पहाटे ३.५०

धागा उशिरा वाचला. इकडे अमेरिकेतही पहिल्यावहिल्या मेजर लीग क्रिकेटचा पहिला सामना १३ जुलैला टेक्ससमध्ये आहे. ग्रँड प्रेरीचं मैदान मुळात बेसबॉलचं, ते बदलून घेतलंय. तिथंही हाच वाद चाललाय: न्यूयॉर्कचा संघ, पण सामने टेक्सस आणि नॉर्थ कॅरोलायनात. मधली_फळी, तुमच्या बार्शीचा प्रश्न जागतिक आहे.

---

स्कोअरर_काका
२० डिसेंबर २०२३, सकाळी ७.१५

धागा वर काढतोय, कारण आहे.

काल दुबईत आयपीएलच्या लिलावात अर्शीन कुलकर्णीला लखनौनं २० लाखांना घेतलं. आकडा ओळखीचा वाटतो का? जूनमध्ये एमपीएलच्या एका अख्ख्या संघाची थैली तेवढीच होती.

चुलीवरची_मिसळ
२० डिसेंबर, ७.४०

एका धावेच्या त्या रात्रीनंतर मी इथं आरडाओरडा केला होता, तो वर स्क्रोल करून वाचावा. पोरगं पुढच्या महिन्यात एकोणीस वर्षांखालील विश्वचषकही खेळणार आहे.

निमंत्रित
२० डिसेंबर, ९.३०

अर्शीनचं अभिनंदन. आमच्याकडची खबर: मुलगा यंदा क्लब बदलून दुसरीकडे गेला. तिथं फी कमी आणि षटकं जास्त. पुढच्या लिलावाला पुन्हा नाव देणार आहे. मी टीव्हीला मोबाइल जोडणार नाही असं ठरवलंय. बायको म्हणते, जोडालच.

---

कोकण_रेल्वे
२३ जून २०२४, सकाळी ६.०५

पुन्हा विजेते. या वेळी अंतिम सामना खेळून, नाशिकला हरवून. पुतण्याला शेवटचा चेंडू दाखवला. तीनदा.

चुलीवरची_मिसळ
२३ जून, ६.३०

घ्या, घ्या. पेढे कुरियर करा, आम्ही इनो घेतो.

तांबडा_पांढरा
२३ जून, ८.००

आता काय बोलायचं न्हाई. ह्याला जिंकणं म्हणत्यात. मनापासून अभिनंदन, ह्या वेळी 'पण' न्हाई.

मधली_फळी
२३ जून, ९.१५

जेट्सचं अभिनंदन. माझी मात्र वेगळीच गंमत झाली. मी वर्षभर 'सोलापूरला टाळ्या कशाला वाजवायच्या' यावर डोकं फोडलं, आणि यंदा यादीत सोलापूरचं नावच नाही. त्या जागी रायगड. प्रश्नच रद्द.

शेंगा_चटणी
२३ जून, ११.००

मधली_फळी, जर्सीचं सोडा. जानेवारीत आपल्या पार्क मैदानावर रणजीचा सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. तुम्ही चिंचवडात होतात, कुणी सांगितलं नसणार. ना दिवे, ना डीजे, ना आयकॉन. मी शेंगा घेऊन गेलो होतो. माझ्या मागे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, जुन्या सामन्यांतले बळी बोटांवर मोजत. दुपारच्या उन्हात पोरं शाळा बुडवून कठड्यावर चढली होती, आणि प्रत्येक चौकाराला चेंडू आधी त्यांच्या हातात, मग क्षेत्ररक्षकाकडे.

पुढच्या वेळी कळवतो. येणार का?

मधली_फळी
२३ जून, ११.०४

येणार. आईलाही आणतो.